वाचकांचे प्रश्न : घरातली बेगमी किती, कोणती आणि कोठे?

पावसाळा तोंडावर आला की या सदराकडे येणाऱ्या पत्रांचा रोख बदलतो. लोणची-पापडांच्या शंका मागे पडतात आणि धान्य, पाणी, औषधे, गॅस यांची किती तजवीज करून ठेवावी, हे वेगवेगळ्या शब्दांत विचारले जाते. अशा पत्रांपैकी काही निवडक पत्रांना या अंकात उत्तरे देत आहे. सर्वांना उपयोगी पडेल अशी एकच यादी छापावी, अशी विनंती काहींनी केली आहे. ती मला मान्य करता येत नाही. डोंबिवलीत आधी वीज जाते आणि तिच्या मागोमाग नळ, सांगलीत नदी घरात शिरते, दापोलीत रस्त्यावर झाडे आडवी होतात, अंबाजोगाईला उन्हाळ्यात नळालाच पाणी नसते. आपल्या घरात नेमके काय बंद पडते हे ज्याचे त्याने आधी पाहावे आणि साठा त्या हिशेबाने करावा.

प्रश्न : आम्ही दोघेही नोकरी करतो. दोन मुले आहेत आणि घर सातव्या मजल्यावर आहे. टंचाईची किंवा युद्धाची बातमी आली की नातेवाइकांच्या व्हॉट्सॲप गटावर याद्या फिरू लागतात : ५० किलो तांदूळ, २० लिटर तेल, मेणबत्त्यांचे डझन. एवढे ठेवायला आमच्याकडे जागा नाही. किती दिवसांचे सामान घरात असावे?
— एक वाचक, डोंबिवली

उत्तर : ती यादी बाजूला ठेवावी. ज्या घरात महिन्याला आठ-दहा किलो तांदूळ लागतो त्या घरात ५० किलो आणून ठेवला, तर संकट येण्याआधी त्यात किडे येतील. आपल्यासारख्या घराने दोन वेगळे हिशेब करावेत, एक तीन दिवसांचा आणि दुसरा पंधरा दिवसांचा, कारण या दोन मुदतींत अडचण एकाच प्रकारची नसते.

तीन दिवसांचा हिशेब वीज आणि पाणी दोन्ही नाहीत असे धरून करायचा. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. त्यानंतर मुंबई आणि ठाणे परिसरातील कित्येक वस्त्यांत वीज लगेच परत आली नाही. सातव्या मजल्यावर पाणी चढते ते सोसायटीच्या पंपाच्या जोरावर. वीज गेली की गच्चीवरील टाकीत असेल तेवढेच पाणी उरते आणि त्यावर साऱ्या इमारतीचा हक्क असतो. म्हणून पिण्यासाठी आणि जुजबी स्वयंपाकासाठी माणशी दिवसाला चार लिटर धरून, चौघांचे तीन दिवसांचे म्हणजे जवळजवळ ५० लिटर पाणी झाकून वेगळे ठेवलेले असावे. वीस लिटरचे दोन जार आणि एक कळशी एवढ्यात ते मावते. पावसाळ्याच्या चार महिन्यांत दर आठवड्याला हे पाणी फरशी पुसायला किंवा कुंड्यांना वापरून पुन्हा भरावे. संडासासाठी झाकणाची मोठी बादली निराळी हवी. बहुतेक घरांत हीच राहून जाते आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तिचीच आठवण होते.

या तीन दिवसांचे खाणे शक्यतो न शिजवता खाता येईल असे असावे. पाण्याच्या हबक्याने भिजणारे पातळ पोहे, मेतकूट, सातूचे पीठ, डाळे, शेंगदाणे, गूळ, खजूर, खाकरे आणि मुलांसाठी दुधाची पावडर एवढे एका मोठ्या डब्यात बसते, आणि त्यातील प्रत्येक जिन्नस आपल्या घरी एरवीही खपतो. दोन मिनिटांत होणाऱ्या शेवया या डब्यात ठेवू नयेत, कारण त्यांना गॅस आणि पाणी दोन्ही लागते. मेणबत्त्यांपेक्षा चार्जिंगचा एक आणि सेलवर चालणारा एक असे दोन दिवे ठेवणे शहाणपणाचे. अंधारात, लहान मुलांच्या घरात आणि पडद्यांच्या जवळ उघडी ज्योत नको. फोनसाठी भरलेली पॉवर बँक आणि सेलवर चालणारा लहान रेडिओ यांची गणनाही याच डब्यात करावी.

पंधरा दिवसांचा हिशेब निराळा. तेथे वीज आणि पाणी आहे, पण दुकानात माल नाही किंवा दुकानापर्यंत जाता येत नाही, असे धरायचे. २५ मार्च २०२० पासून देशभर टाळेबंदी लागू झाली तेव्हा किराणा दुकानांना परवानगी होती; तरीही बंद वाहतुकीमुळे अनेक दुकानांच्या फळ्यांवरून पीठ, रवा आणि डाळी पाहता पाहता नाहीशा झाल्या, कारण मागून माल येण्याचा वेग मंदावला होता आणि खरेदीचा वाढला होता. पगारदार घराची खरी गोम येथे आहे. एक तारखेच्या आसपास यादी देऊन वाणसामान भरायचे आणि २५ तारखेला डब्यांचा तळ दिसायचा, हा आपला शिरस्ता. घर महिन्याचे सामान भरते खरे, पण महिन्याच्या अखेरच्या आठवड्यात त्याच्याजवळ चार दिवसांचेही नसते, आणि संकट काही पगाराची तारीख पाहून येत नाही.

यावर उपाय जास्त खरेदीचा नाही, तर भरण्याची वेळ अलीकडे ओढण्याचा आहे. प्रत्येक मुख्य जिनसाचे दोन डबे करावेत : एक ओट्यावरचा, वापरातला, आणि एक मागचा, न उघडलेला. ओट्यावरचा संपला की मागचा पुढे घ्यायचा आणि त्याच दिवशी तो जिन्नस यादीवर लिहायचा. असे केल्याने साठा कधीच शिळा होत नाही, कारण तो रोज आपल्याच ताटात येत असतो. चौघांच्या कुटुंबाला पंधरा दिवसांसाठी साधारण १२ किलो गहू किंवा कणीक, ५ किलो तांदूळ, ४ किलो डाळी-कडधान्ये, २ लिटर तेल, २ किलो साखर-गूळ, मीठ-मसाला आणि चहा एवढे पुरते. ओट्याखालच्या एका कपाटात ते राहते. सगळा साठा गव्हाचाच मात्र करू नये. वीज नसेल तर गिरणीही बंद असते, आणि दळणाच्या डब्यात गहू भरलेला असूनही पोळी होत नाही. मागच्या डब्यात निम्मे पीठ असावे. कणीक दीड-दोन महिने चांगली राहते. ज्वारी-बाजरीच्या पिठाला हा नियम लावू नये, कारण ज्वारीच्या पिठाची विरी, म्हणजे भाकरी थापायला लागणारा चिकटपणा, जाते आणि बाजरीचे पीठ काही दिवसांतच कडवट होते. भाकरी खाणाऱ्या घराने तेवढ्यापुरते तांदळावर भागवावे.

गॅसविषयी आपण विचारलेले नाही, पण त्याच ओघात सांगते. दुसरे सिलिंडर असेल तर पहिले संपून ते लावले त्याच दिवशी नोंदणी करावी. ‘अजून महिनाभर चालेल’ असे म्हणून थांबू नये. एकच सिलिंडर असेल तर विजेची शेगडी जवळ असावी. गॅस आणि वीज दोन्ही एकाच वेळी बंद पडण्याचे प्रसंग थोडे, आणि त्यासाठी तीन दिवसांचा तो कोरडा डबा आहेच. गॅसचा वास आला तर १९०६ हा क्रमांक देशभर चालतो; तो फ्रिजच्या दारावर लिहून ठेवावा.

प्रश्न : दर वर्षी एप्रिल-मे महिन्यांत आम्ही वर्षाचे गहू, ज्वारी, तांदूळ भरतो आणि वर्षाची चटणी करून ठेवतो. २०१९ च्या महापुरात तळमजल्यावरचे सगळे गेले. २०२१ मध्ये पुन्हा पाणी आले, पण थोडक्यात निभावले. आता वर्षाचे भरणे सोडून द्यावे का? सासूबाई म्हणतात, भरलेले घर असावे.
— एक गृहिणी, सांगली

उत्तर : सासूबाईंचे म्हणणे चुकीचे नाही, फक्त ते ज्या वर्षक्रमावर उभे आहे त्यात नदीचा हिशेब नाही. सुगी झालेली असते, धान्य नवे आणि कोरडे असते, भाव उतरलेला असतो आणि ऊन कडक असते. वर्षाचे भरायला याहून चांगला काळ नाही. अडचण अशी की कृष्णा फुगते ती जुलै-ऑगस्टमध्ये, म्हणजे वर्षाचा साठा जवळजवळ अख्खा शिल्लक असताना. ज्या साठ्याने अडचणीत हात द्यायचा तोच सगळ्यात आधी बुडतो.

म्हणून सांगली, कोल्हापूर, शिरोळ, महाड, चिपळूण यांसारख्या गावांतील पूररेषेतील घरांनी वर्षाची खरेदी दोन भागांत करावी, असे माझे मत आहे. मे महिन्यात गौरी-गणपतीपर्यंत पुरेल एवढेच घरात आणावे आणि उरलेले पुराचा धोका टळल्यावर भरावे. त्यात भावाचा थोडा फरक सोसावा लागेल, पण तो दोन क्विंटल भिजलेल्या धान्याच्या किमतीपुढे काहीच नाही. फरक सोसायचा नसेल आणि उंचावरच्या गावात माहेर किंवा विश्वासाचे घर असेल, तर निम्मी पोती तेथे ठेवावीत. आपल्याच भागातील हरिपूरची हळदीची पेवे, म्हणजे जमिनीखालची कोठारे, २००५ च्या पुराने बुडवली होती. पिढ्यान्‌पिढ्या उत्तम चाललेली साठवणही चुकीच्या महिन्यात कामाला येत नाही, हे सांगलीकरांना वेगळे सांगायला नको.

घरातला साठा किती उंच ठेवायचा, याबद्दल एक सावधगिरी. पुष्कळ घरांत २००५ च्या पाण्याची खूण भिंतीवर राखलेली होती आणि त्या खुणेच्या वर सामान गेले की लोक निर्धास्त होत. २०१९ मध्ये कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळची पातळी ती खूण ओलांडून ५७ फुटांच्या वर गेली. त्यामुळे खुणेच्या वर एक फळी नको, वरचा मजला किंवा गच्चीवरची खोली हवी; ते नसेल तर पोटमाळा आणि तोही लोखंडी कोनांवर टेकलेला असावा. आयर्विनची इशारा पातळी ४० फूट आणि धोका पातळी ४५ फूट आहे. सामान हलवायला धोका पातळीची वाट पाहू नये. ४० फुटांचा आकडा कळताच धान्य वर जायला हवे, कारण त्यानंतरचे तास माणसे, जनावरे आणि कागदपत्रे यांसाठी लागतात.

येथे एका साध्या गोष्टीकडे लक्ष वेधते. पन्नास किलोचे पोते रात्री दोन वाजता, वीज नसताना, अरुंद जिन्याने वर नेणे हे घरातल्या बाईमाणसाचे काम नाही, आणि त्या वेळी हाक मारायला शेजारीही मोकळे नसतात. धान्य १५ किलोच्या पत्र्याच्या डब्यांत भरावे. तेलाचे रिकामे डबे स्वच्छ धुऊन, कडकडीत वाळवून वापरले तरी चालतात. दोन्ही हातांनी उचलता येतात आणि एकावर एक रचता येतात. चटणीही एका मोठ्या बरणीत न भरता दोन-दोन किलोच्या घट्ट झाकणाच्या बरण्यांत भरावी, म्हणजे घाईत निदान चार बरण्या हाती लागतात.

गॅसचे सिलिंडर पुरात तरंगते, आणि केवळ रिकामे नव्हे, भरलेलेही. भरलेल्या सिलिंडरचे वजन साधारण ३० किलो भरते आणि ते पाणी बाजूला सारते ३३ किलोहून जास्त; त्यामुळे ते उचलले जाते, आडवे होते आणि नळी ओढून तोडते. घर सोडताना रेग्युलेटर काढून, टोपी लावून, सिलिंडर खिडकीच्या गजाला साखळीने उभे बांधावे.

पुराचे पाणी लागलेले धान्य वाळवून वापरण्याचा मोह आवरावा. त्या पाण्यात गटारे, शौचालयांच्या टाक्या आणि मेलेली जनावरे मिसळलेली असतात, आणि ओल्या धान्यावर येणारी बुरशी धुऊन किंवा भाजून जात नाही. जनावरांनाही ते घालू नये. कारखान्यात बंद केलेले, न फुगलेले आणि न चेमटलेले पत्र्याचे डबे मात्र वरचा कागद काढून, साबणाने धुऊन, ब्लीचिंग पावडरच्या पाण्यात बुचकळून वापरता येतात. फिरकीच्या झाकणाच्या बरण्यांना ही सवलत नाही, कारण झाकणाच्या आट्यांतून पाणी आत शिरते. हे सगळे फेकण्यापूर्वी फोटो काढून पंचनामा होऊ द्यावा.

एक शेवटचा मुद्दा पाण्याचा. पुरात चहूकडे पाणी आणि नळ कोरडा, अशी गत होते, कारण नदीकाठची उपसा केंद्रेच बुडतात. कोल्हापूरकरांनी हे २०१९ आणि २०२१ अशा दोन्ही वेळी अनुभवले. पूर ओसरल्यावर येणारे पहिले पाणी गढूळ असेल तर तुरटी फिरवून निवळू द्यावे, फडक्याने गाळावे आणि खळखळून उकळी फुटल्यावर आणखी मिनिटभर उकळावे. तुरटीने गाळ खाली बसतो, जंतू मरत नाहीत. जळण नसेल तर क्लोरीनच्या गोळ्या किंवा मेडिक्लोर वेष्टनावरील प्रमाणात घालून अर्धा तास थांबावे. कोणाला जुलाब लागले आणि दवाखाना गाठता येत नसेल, तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट लहान चमचे साखर आणि अर्धा लहान चमचा मीठ विरघळवून थोडे थोडे पाजत राहावे. चमचे शीग लावून भरू नयेत. मीठ जास्त झाले तर बाळाला अपाय होतो.

प्रश्न : माझे पती यंत्रमागावर काम करतात. पगार आठवड्याला होतो आणि बाजारही आठवड्याचाच. पंधरा दिवसांचे सामान एकदम भरायला पैसा कोठून आणायचा?
— एक वाचक, इचलकरंजी

उत्तर : एकदम भरू नये. दर आठवड्याच्या बाजारात नेहमीच्या सामानाखेरीज एकच जिन्नस जादा घ्यावा : या आठवड्यात दोन किलो तांदूळ, पुढच्या आठवड्यात एक किलो तूरडाळ, त्यापुढे मिठाची पिशवी आणि काडेपेट्या. तीन महिन्यांत आठवड्याच्या खर्चाला फारसा धक्का न लावता निम्मा साठा उभा राहतो. प्राधान्य कुटुंबाच्या शिधापत्रिकेवर माणशी महिन्याला पाच किलो धान्य मिळते. ते वेळेवर उचलणे हीही बेगमीच आहे, आणि अंगठा न उमटणे, नाव कमी होणे अशा तक्रारी पावसाळ्यापूर्वीच मिटवाव्यात. पुराच्या दिवसांत शिधापत्रिकेच्या कार्यालयात कोणाला वेळ नसतो. आपल्यासाठी सामानाइतकीच महत्त्वाची गोष्ट म्हणजे सुटे पैसे. माग बंद तर मजुरी बंद, वीज बंद तर एटीएम बंद, आणि मोबाइलचे मनोरे बंद पडले की फोनवरचे पैसे असून नसल्यासारखे. शंभर आणि पन्नासच्या नोटांत चार-पाच दिवसांच्या खर्चाएवढी रक्कम प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून आधारकार्ड, बँकेचे पुस्तक आणि शिधापत्रिका यांच्यासोबत ठेवावी.

प्रश्न : घरची शाळू आणि तूर वर्षभर ठेवतो. दिवाळीनंतर सोंडे आणि भुंगेरे येतात. शेजारी कोठीत उग्र वासाची विषारी गोळी कापडात बांधून टाकतात आणि त्यांचे धान्य स्वच्छ राहते. आम्ही वापरावी का?
— एक शेतकरी, बार्शी

उत्तर : वापरू नये, आणि शेजाऱ्यांनाही आजच सांगावे. ती गोळी बहुधा ॲल्युमिनियम फॉस्फाईडची आहे. हवेतल्या ओलाव्याने तिच्यातून फॉस्फिन वायू सुटतो, तो कोठीच्या झाकणाशी थांबत नाही आणि शेजारच्या खोलीत झोपलेल्या माणसांपर्यंत पोचतो. या गोळीने घरातील माणसे, विशेषतः मुले, दगावल्याच्या घटना देशात पुन्हा पुन्हा घडलेल्या आहेत, आणि या विषावर उतारा नाही. गोदामात हवाबंद ताडपत्रीखाली, प्रशिक्षित माणसाने वापरायचे ते औषध आहे. पाऱ्याच्या गोळ्या आणि बोरिक पावडर यांना घरोघरी सवयीने मान मिळतो, पण रोजच्या खाण्याच्या धान्यात त्याही मला पसंत नाहीत.

कीड लागते ती मुख्यतः ओलाव्याने. ज्वारीचा दाणा दाताखाली धरला तर कटकन फुटला पाहिजे. दबला किंवा चिकटला तर त्याला आणखी ऊन हवे. मेच्या उन्हात दोन-तीन दिवस पातळ पसरून वाळवावा, पण उन्हातून उचलून तापलेला दाणा तसाच कोठीत ओतू नये. कोठी रात्री गार होते, गरम दाण्यातली वाफ वरच्या पत्र्याला लागून दवासारखी खाली उतरते, आणि पहिली जाळी धरते ती नेमकी वरच्या थरात. ज्यांच्या कोठीत वरचे दोन-तीन बोटे धान्य नेहमी खराब होते आणि तळाचे चांगले निघते, त्यांनी आपली ही सवय तपासावी. धान्य सावलीत रात्रभर निवू द्यावे, चाळणीने चाळून तूस आणि फुटके दाणे काढावेत, कारण काही किडे फुटक्या दाण्यावरच पोसतात, आणि मग कोठी गळ्यापर्यंत भरावी. मोकळी जागा जितकी कमी तितकी आतली हवा कमी. एका मोठ्या कोठीऐवजी तीन लहान कोठ्या असल्या तर रोजच्या वापरासाठी एकच उघडते आणि बाकीच्या दोन बंद राहतात. जुन्या पोत्यांच्या शिवणीत मागच्या वर्षीचे किडे लपलेले असतात; पोती उकळत्या पाण्यातून काढून वाळवल्याशिवाय पुन्हा वापरू नयेत.

तुरीची गोष्ट वेगळी आहे. भुंगेरा आपली अंडी अख्ख्या दाण्याच्या सालीवर चिकटवतो, म्हणून वर्षाच्या ठेवणीसाठी तूर अख्खी न ठेवता तिची डाळ करून ठेवणे, हा जुन्या बायकांचा परिपाठ आजही योग्य ठरतो. डाळीला किलोला एक लहान चमचा एरंडेल किंवा गोडेतेल हाताने चोळून लावावे. अंडी धरत नाहीत आणि शिजवण्यापूर्वी धुतले की तेल निघून जाते. बियाण्यासाठी ठेवायच्या कडधान्याला चाळलेली कोरडी राख लावण्याची रीत उत्तम आहे. कडुनिंबाचा पाला टाकायचा असेल तर सावलीत पूर्ण वाळवून टाकावा. ओला पाला आपल्याबरोबर पाणी घेऊन जातो आणि फायद्यापेक्षा तोटाच करतो.

प्रश्न : माझे आईवडील दापोली तालुक्यात एकटे राहतात. वडिलांना इन्सुलिन आणि रक्तदाबाच्या गोळ्या सुरू आहेत. निसर्ग चक्रीवादळाच्या वेळी त्यांच्याशी कित्येक दिवस संपर्क झाला नव्हता. पुण्यातून मी त्यांच्यासाठी किराणा भरून पाठवतो, पण आई म्हणते, ‘आमच्याकडे सगळं आहे.’ खरोखर काय पाठवावे?
— एक वाचक, पुणे

उत्तर : आई खरे सांगत आहेत. कोकणातल्या घराला आगोटीची, म्हणजे पावसाळ्याआधीची, बेगमी शिकवावी लागत नाही. मे संपण्याआधी सुकट, बोंबील आणि सोडे वाळून डब्यात गेलेले असतात, आमसुले, मीठ, मसाला आणि कुळीथ भरलेले असतात, लाकडे पडवीत रचलेली असतात आणि चूल तर आहेच. मडगावला मे महिन्यात पुरुमेंताच्या बाजारात हीच खरेदी गोव्याची माणसे करतात. ३ जून २०२० रोजी निसर्ग वादळ श्रीवर्धन-दिवेआगरच्या बाजूला किनाऱ्यावर आले, तेव्हा रायगड आणि उत्तर रत्नागिरीतील पुष्कळ गावांत आठवडेच्या आठवडे वीज नव्हती. त्या दिवसांत अशा जुन्या वळणाच्या घरांत अन्नावाचून फारसे अडले नाही. अडले ते पाणी, उजेड, फोन आणि औषधे यांवाचून. आपण किराणा पाठवून भरलेलेच घर पुन्हा भरत आहात.

विहिरीवर विजेचा पंप बसला की रहाट निघतो आणि दोर कुजतो. या वेळी गावी जाल तेव्हा चांगला नवा दोर आणि पोहरा घेऊन जावे आणि विहिरीवर कप्पी बसवून घ्यावी. वडिलांनी नाही, तर शेजारच्या कोणा तरुणाने त्यावर पाणी काढून पाहिले पाहिजे. विहिरीत दोन पुरुष खोल पाणी असताना वीज नाही म्हणून टँकरची वाट पाहावी लागते, याला काय म्हणावे?

गोळ्यांचा महिन्याभराचा जादा साठा हवा आणि तो वाढवताना डॉक्टरांना विचारून चिठ्ठीवर तसे लिहून घ्यावे. रक्तदाबाच्या काही गोळ्या अचानक बंद झाल्या तर दाब एकदम उसळतो, म्हणून ‘दोन दिवस नाही घेतल्या तर काय होते’ असे येथे चालत नाही. नवी पाकिटे मागे आणि जुनी पुढे, मुदतीची तारीख वर दिसेल अशी. चिठ्ठीची एक प्रत घरात, एक आपल्या फोनमध्ये आणि एक गावातील ओळखीच्या औषध दुकानात असावी.

इन्सुलिनच्या न उघडलेल्या बाटल्या किंवा पेन फ्रिजमध्ये २ ते ८ अंश सेल्सिअसला ठेवायचे असतात. उघडून वापरात असलेले बहुतेक प्रकार ३० अंशांखाली साधारण चार आठवडे टिकतात, नेमकी मुदत सोबतच्या पत्रकात पाहावी. वीज गेल्यावर फ्रिज वरचेवर उघडू नये. विदर्भ-मराठवाड्यात अशा वेळी ओल्या वाळूतले मडके चांगले काम देते, कारण कोरड्या हवेत पाणी झरझर उडते आणि आत गारवा येतो. कोकणात जूनची हवाच पाण्याने जड असते, तेथे मडक्याकडून फार अपेक्षा करू नये. मात्र घरातील सर्वांत थंड, अंधाऱ्या कोपऱ्यात, मातीच्या भांड्यात, पिशवीत गुंडाळून ठेवलेले इन्सुलिन उघड्या फडताळातल्यापेक्षा सुरक्षित राहते. बर्फाला ते टेकू देऊ नये, कारण गोठलेले इन्सुलिन निरुपयोगी होते. पारदर्शक असणारे इन्सुलिन गढूळ दिसले तर टाकून द्यावे. साखर मोजण्याच्या यंत्राचे सेल आणि पट्ट्या यांची आठवण बहुधा कोणालाच राहत नाही. त्या मात्र पुण्याहून पाठवाव्यात. आणि एक सेलवर चालणारा रेडिओही.

प्रश्न : आमच्याकडे उन्हाळ्यात पाणी आठ-दहा दिवसांनी येते. त्यामुळे टाक्या, पिंपे, घागरी सगळे भरून ठेवावे लागते. गेल्या वर्षी गल्लीत डेंग्यू झाला आणि आरोग्य कर्मचाऱ्यांनी पिंपे ओतायला लावली. पाणी साठवावे की ओतावे?
— एक वाचक, अंबाजोगाई

उत्तर : आपला राग समजण्यासारखा आहे. एप्रिल २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, तो हा पट्टा. येथे ओतून द्यायला सांगणे सोपे आणि ओतणे कठीण. पण डेंग्यूचा डास स्वच्छ, साठवलेल्या पाण्यातच वाढतो आणि अंड्यापासून डास व्हायला साधारण आठ-दहा दिवस लागतात, म्हणजे नेमका आपला नळ येण्याचा काळ. पाणी ओतायची गरज नाही, डासाला आत जाऊ द्यायचे नाही. पिंपावर नुसते पत्र्याचे झाकण पुरत नाही, त्याच्या कडेला फट राहते. जुन्या धोतराचे किंवा साडीचे दुहेरी कापड तोंडावर ताणून दोरीने आवळावे आणि वर झाकण ठेवावे. पिंप रिकामे झाले की पुन्हा भरण्याआधी आतली भिंत काथ्याने खरवडून धुवावी, कारण अंडी पाण्याच्या रेषेच्या किंचित वर चिकटलेली असतात, कोरडेपणातही महिनोन्‌महिने जगतात आणि पाणी चढले की फुटतात. केवळ विसळण्याने ती जात नाहीत. पिण्याचे पाणी तोटीच्या भांड्यात किंवा लांब दांड्याच्या ओगराळ्याने काढावे, हात बुडवू नये. गच्चीवरील मोठ्या टाकीत, जिचे पाणी प्यायचे नाही, तेथे गप्पी मासे सोडावेत. ते आरोग्य केंद्रात मिळतात.

प्रश्न : घरात जास्त धान्य ठेवणे साठेबाजी ठरते का? कायद्याने मर्यादा आहे का? आणि वाहनासाठी थोडे पेट्रोल ठेवले तर?
— एक वाचक, नाशिक

उत्तर : जीवनावश्यक वस्तू कायदा १९५५ चा आहे आणि त्याखाली साठ्याच्या मर्यादा येतात त्या व्यापारी, किरकोळ विक्रेते, मोठ्या दुकानांच्या साखळ्या आणि गिरणीवाले यांच्यावर. जून २०२३ मध्ये तूर, उडीद आणि गहू यांवर अशा मर्यादा आल्या, त्यांत घरच्या खाण्याच्या धान्याचा संबंध नव्हता. कायद्यापलीकडचा प्रश्न वेळेचा आहे. बाजारात मुबलक माल असताना घेतलेले दहा किलो कोणाच्या तोंडचे काढून घेत नाहीत. रांग लागलेली असताना घेतलेले तेवढेच दहा किलो मागच्या माणसाला रिकाम्या हाताने पाठवतात. मार्च २०२० मध्ये मुखपट्ट्या आणि सॅनिटायझर यांना काही काळ जीवनावश्यक वस्तूंच्या यादीत घालावे लागले, ते अशाच खरेदीमुळे आणि तिचा फायदा घेणाऱ्यांमुळे. म्हणून रांग लागली असेल त्या दिवशी आपण खरेदीला जाऊ नये, आणि जावे लागू नये अशी सोय आधी करावी.

पेट्रोल घरात ठेवू नये, थोडेही नाही. त्याची वाफ हवेपेक्षा जड असते, ती जमिनीलगत सरकत स्वयंपाकघरातील ज्योतीपर्यंत जाते, आणि पाण्याच्या प्लॅस्टिकच्या बाटल्या त्यासाठी बनवलेल्या नसतात. पावसाळ्यात गाडीची टाकी निम्म्याखाली जाऊ न देणे एवढे पुरेसे आहे.